चार नावांचा शिक्का

मी शिक्का बोलतोय. पोस्टातला नव्हे आणि कचेरीतलाही नव्हे. साहेबाच्या सहीशेजारी बसण्याचा मान मला कधी मिळाला नाही. मी काजळाच्या डबीवर उमटणारा रबरी शिक्का आहे. रुंदीला दोन बोटं, वर लाकडाची मूठ, आणि त्या मुठीवर एका बाईच्या अंगठ्यानं पाडलेला खळगा. एवढंच माझं रूप.

माझ्या मधोमध 'बायजाबाईचे काजळ' असं कोरलंय आणि कडेनं गोल फिरवून चार नावं आहेत: एरंडीची काजळी, गाईचे तूप, भीमसेनी कापूर, बदाम. माझ्या अंगावर ही अक्षरं उलटी आहेत, कागदावर सुलटी होतात. जन्मभर मी एवढंच बोललो. दुसरं काही बोलायची मला सोय नव्हती. आज मात्र बोलणार आहे, कारण आता माझ्या अंगाला शाई नाही आणि ऐकणाऱ्याला माझ्याकडून काही विकतही घ्यायचं नाही.

माझा जन्म नागपुरात, महाल नावाच्या वस्तीतल्या एका जिन्याखाली झाला. सन एकोणीसशे सहासष्ट. तिथं दादाजी नावाचे एक म्हातारे शिक्के बनवायचे. अक्षरांचे खिळे जुळवायचे, साचा घ्यायचे, त्यात रबर दाबून तापवायचे. ग्रामपंचायती, सोसायट्या, शाळा, सगळ्यांचे शिक्के त्या जिन्याखाली जन्मले. मला मात्र खाकी कपड्यातला एक पोस्टमन घेऊन जाणार होता. त्याचं नाव मारोतराव.

"गोल पाह्यजे," मारोतराव म्हणाला. "पोस्टाच्या शिक्क्यासारखा."

दादाजींनी चष्म्यावरून पाहिलं. "काजळाले शिक्का काहून गा, मारोतराव? बाया काय वाचून काजळ घेते काय? काळं दिसलं का घेते."

"घेवो ना. पण लेकराच्या डोळ्यात जाते ते. आत काय हाय ते वर लिहिलेलं असावं. पाकिटावर एकाचं नाव आन् आत दुसऱ्याचीच चिठ्ठी, असं घेऊन मी कोणाच्या दारात नाही जात."

दादाजींनी कागदावर वाटी ठेवून गोल काढला आणि अक्षरं मोजली. "चार नावं बसतीन. पाचवं नाही बसत."

"पाचवं नाहीच तिच्या काजळात," मारोतराव म्हणाला.

ते वाक्य मी माझ्या जन्माच्या वेळी ऐकलंय. म्हणून आठवण आली की अजून बोचतं.

मारोतरावचं घर जुनी शुक्रवारी या मोहल्ल्यात होतं. दोन खोल्या, मागे न्हाणी, आणि न्हाणीला लागून पत्र्याची एक पडवी. त्या पडवीत त्याची बायको बायजाबाई काजळ करायची. तीन विटांवर पितळी परात पालथी, खाली एरंडीच्या तेलाचा दिवा, दिव्यात जुन्या धोतराची वात. परातीला काजळी धरली की ती बांबूच्या कामट्यानं हलकेच खरडायची. तूप काशाच्या वाटीत पाण्यानं धुऊन धुऊन पांढरं करायची. बदाम सुईला टोचून दिव्यावर जाळायची, कापूर चिमटीनं घालायची, आणि मग तास-तास घोटत बसायची. घोटताना ती कोणाशी बोलत नसे. मला ती शिस्त आवडायची.

घोटून झालं की पहिलं बोट ती स्वतःच्या डोळ्यात घालायची. थोडं पाणी यायचं, डोळा निवायचा, आणि मगच ते काजळ डब्यांत जायचं. डबी भरली, झाकण लागलं, झाकणावर कागदाची चकती चिकटली, की शेवटी मी. आधी वस्तू, मग तिचं नाव. माझा क्रम शेवटचा होता आणि तोच बरोबर होता.

बायजाबाईला वाचता येत नव्हतं. मी घरी आलो त्या दिवशी मारोतरावनं तिचं बोट धरून माझ्यावरून फिरवलं. "हे एरंडी. हे तूप. हे कापूर. आन् हे बदाम." दोन-तीनदा फिरवलं. तेवढ्यावर तिला ते पाठ झालं. पुढं शिक्का मारताना ती नेहमी बोट फिरवून माझी सुरुवात शोधायची आणि चारही नावं ओठांतल्या ओठांत म्हणायची. देवाच्या मूर्तीला सुद्धा कोणी इतक्या नीट हात लावत नसेल. मला गर्व चढला होता, हे कबूल करतो. गल्लीतल्या बाया शिक्का वाचून दाखवा म्हणायच्या आणि बायजाबाई न वाचताच वाचून दाखवायची.

पाच वर्षं अशी गेली. एकाहत्तरच्या मे महिन्यात मारोतरावला ऊन लागलं. डोक्याला दुपट्टा होता, खिशात कांदा होता, तरी लागलं. दुपारी टपाल वाटता वाटता एका ओट्यावर बसला आणि तिथंच कलंडला. त्याच्या झोळीतली उरलेली पत्रं दुसऱ्या पोस्टमननं वाटली.

त्यानंतर घरात बायजाबाई आणि तिची चौदा वर्षांची मुलगी जयवंता, दोघीच राहिल्या. घर आता काजळावर चालायचं होतं. आणि एक गोष्ट बदलली, जी तेव्हा कोणाच्याच ध्यानात आली नाही. विधवा बाईनं काजळ घालायचं नसतं. कोणी तिला तसं सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. तिनं कुंकू पुसलं तसंच काजळही सोडलं. तेव्हापासून घोटलेल्या काजळाचं पहिलं बोट तिच्या डोळ्यात जायचं बंद झालं. ती करत राहिली, पण तिचा डोळा त्यातून बाहेर पडला.

पुढच्या उन्हाळ्यात गणपतराव आले. इतवारीच्या बाजारात त्यांचं बांगड्या, टिकल्या, स्नो-पावडरीचं ठोकचं दुकान होतं. बायजाबाईच्या डब्या ते तालुक्या-तालुक्याला पाठवायचे. पडवीत बाजेवर बसून त्यांनी एक डबी उघडून दाखवली. आत काजळाचं पाणी झालं होतं.

"बायजाबाई, नागपूरच्या उन्हात तुमचं काजळ टिकत नाही. डब्या वापस येऊन राहिल्या."

"तूप हाय ना त्यात. वितळनच."

"म्हणून तर हे आनलं." त्यांनी खाकी कागदाची पुडी सोडली. आत काळी पूड होती, पण काजळीसारखी मंद काळी नव्हती. ती चमकत होती. "हे घाला. काजळ घट्ट राह्यते आन् डोळ्याले थंडाई देते. मोठमोठ्या कंपन्या बी हेच घालते."

बायजाबाईनं चिमूट बोटांत चोळली. "कचकच लागते."

"घोटा ना अजून."

"नाव काय याचं?"

गणपतराव हसले. "नाव घेऊन काय करता? तुमच्या शिक्क्यावर जे लिहिलं हाय ते लय चांगलं हाय. गाईचं तूप वाचलं का बाई डबी खाली ठेवत नाही."

बायजाबाई दोन दिवस ती पुडी तशीच ठेवून होती. तिसऱ्या दिवशी तिनं मला रुमालात बांधलं आणि महालात दादाजींकडे गेली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं तिच्याबद्दल मी जे सांगणार आहे ते फार वाईट आहे. ती गेली होती, एवढं तिच्या नावावर राहू द्या.

"दादाजी, यात एक नाव वाढवा गा."

"कोणतं?"

"काळी पूड."

"काळी पूड म्हणजे काय वं बाई? लोकं म्हणतीन कोळसा हाय का बारूद हाय. खरं नाव आन, मी दुसरा शिक्का करून देतो. याच्यात जागा नाही."

ती खरं नाव आणायला गणपतरावांकडे दोनदा गेली. पहिल्यांदा ते दुकानात नव्हते. दुसऱ्यांदा होते, पण गिऱ्हाइकांत होते, आणि म्हणाले, तुम्हाले विश्वास नसन तर दुसरी बाई पाहू. ती परत आली. पुन्हा तिनं विचारलं नाही.

आणि मी काय केलं? मी सुखावलो. दुसरा शिक्का आला असता तर मी अडगळीत गेलो असतो, हीच मला भीती होती. पाचवं नाव आलं नाही म्हणून मी वाचलो. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

पहिल्या वर्षी ती पूड चिमूटभर पडायची. मग मूठभर पडू लागली, कारण पूड जास्त असली की काजळी कमी लागायची आणि घोटायचा वेळही वाचायचा. मागणी वाढली. काटोल, नरखेड, सावनेर, रामटेक, सगळीकडे डब्या जाऊ लागल्या. कामाचा क्रमही बदलला. आता बायजाबाई एका बैठकीत चारशे-पाचशे चकत्यांवर मला मारायची, त्या रिकाम्या डब्यांच्या झाकणांवर चिकटवायची, आणि डब्या पोत्यात भरून ठेवायची. माल नंतर घोटायचा, नंतर भरायचा. म्हणजे मी चार नावं घेऊन आधीच बसलेलो असायचो आणि माझ्याखाली काहीच नसायचं. पुढं त्यात काय पडेल ते मला माहीत नसे. ओठांतल्या ओठांत नावं म्हणायचंही तिनं सोडलं. इतक्या चकत्या म्हटल्यावर कोण म्हणणार?

घरासाठी आणि गल्लीतल्या लेकरांसाठी मात्र ती वेगळं घोटायची. तुपाचं, कापराचं, जुनं काजळ. शेजारच्या कुसुमताईचा नातू असो की समोरच्या घरातली पोर, त्यांच्यासाठी वेगळी वाटी. ते 'घरचं' आणि दुसरं 'बजारचं'. डब्या त्याच आणि शिक्का तोच. आता तुम्हीच सांगा, तिला काही ठाऊकच नव्हतं असं मी कसं म्हणू? नाव ठाऊक नव्हतं, पण तिनं दोन वाट्या वेगळ्या ठेवल्या होत्या.

जयवंताचं लग्न शहात्तर साली झालं. नवरा गोविंदा, नरखेड तालुक्यातला. घरची मोसंबीची बाग, विहिरीवर पंप, स्वभावानं मऊ माणूस. दुसऱ्या वर्षी श्रावणात पहिल्या बाळंतपणाला जयवंता माहेरी आली आणि मुलगी झाली. प्रेमलता नाव ठेवलं, हाक मारायला प्रेमू. पाचवीच्या दिवसापासून बायजाबाईनं स्वतःच्या हातानं नातीला काजळ घातलं. घरचं. डोळ्यांत एक रेघ, गालाला तीट, तळपायाला ठिपका. ती मुलगी काजळ घालताना रडत नसे. बायजाबाई म्हणायची, हे आजीचा हात ओळखते.

नवरात्र झाल्यावर जयवंता सासरी निघाली. बायजाबाईनं तिच्या बोचक्यात घरच्या काजळाच्या दोन डब्या घातल्या. झाकणांवर मी होतो. दोघी आणि बाळ एसटी स्टँडवर गेल्या, आणि बायजाबाई एकटी परत आली तेव्हा पदरानं डोळे पुसत आली.

मग मे महिना आला. अठ्ठ्याहत्तर सालचा मे.

एका दुपारी दारात गोविंदा आणि जयवंता उभे होते. जयवंताच्या खांद्यावर प्रेमू होती, पण ती मुलगी मी ओळखली नाही. नऊ महिन्यांची झाली होती आणि मान टाकून पडली होती. अंगाचा रंग पांढुरका झाला होता. बसायला लागली होती ती पुन्हा लवंडायला लागली, जयवंता सांगत होती. दूध पाजलं की ओकते, चार-चार दिवस पोट साफ होत नाही, सारखी कण्हते. गावातल्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं. सासूनं मीठमिरच्या उतरवल्या. सगळे म्हणाले दृष्ट लागली. म्हणून तीट मोठी केली. मग कपाळालाही लावली, छातीवरही लावली, आणि डोळ्यांत एकदाऐवजी दोनदा काजळ घालायला सुरुवात केली. लेकरू जितकं उतरत गेलं तितकं काजळ वाढत गेलं.

बायजाबाईनं नातीला मांडीवर घेतलं. घामानं तीट पुसली होती. "डबी दे," ती म्हणाली.

जयवंतानं बोचक्यातून डबी काढून दिली. बायजाबाईनं झाकण उघडून बोट आत घातलं आणि तिचा हात थांबला. नागपूरच्या मे महिन्यात घरच्या काजळाचं तेल व्हायला हवं होतं. हे घट्ट उभं होतं. तिनं अंगठ्यानं बोट चोळलं. मग मुलीला खाली ठेवून ती दारात गेली आणि उन्हात बोट पाहिलं. काजळ चमकत होतं.

"हे मी देल्लेलं नाही," ती म्हणाली.

"तू देल्लेलं संक्रांतीलेच संपलं. मग नरखेडच्या बजारातून आनलं. तुह्याच शिक्क्याची डबी हाय, पाह्य ना. दुकानदाराले बी सांगितलं मी, हे माह्या मायच्या हातचं हाय म्हणून."

मी फळीवरून सगळं पाहत होतो. आता ती बोलेल, मला वाटलं. तिनं डबीचं झाकण लावलं.

"जुनं झालं हे. मी नवं देते," ती म्हणाली. एवढंच.

जयवंता न्हाणीत गेली तेव्हा बायजाबाईनं लोखंडी पेटी उघडली आणि मारोतरावच्या खाकी कपड्यांखाली ती डबी ठेवली. मग घरच्या काजळाची एक डबी काढून बोचक्यात घातली. तिला वाटलं असेल, की वाईट ते काढून घेतलं, आता पोर बरी होईल, कोणाला काही कळायचं कारण नाही. माझ्या अंगावरची चार नावं त्या दिवशी तिला फार सोयीची झाली. मी खोट्यावर बसलो होतो तसाच खऱ्यावरही बसलो, आणि दोन्हीकडे सारखाच दिसलो.

दुसऱ्या दिवशी मुलीला मोठ्या दवाखान्यात भरती केलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी जयवंता कपडे न्यायला घरी आली. बायजाबाई लंगोटांच्या घड्या घालत होती.

"फोटो काढला हाडाचा," जयवंता म्हणाली. "गुडघ्यापाशी पांढरी रेघ दिसते म्हन्ते. डॉक्टरीणबाई सारखं इचारून राहिल्या. घराले रंग देल्ला काय, पाळणा कोणत्या रंगाचा हाय, पाणी कुठलं, पोरीले सुरमा लावता काय. मी म्हटलं सुरमा नाही, काजळ लावतो, माह्या मायचं. त्याहीनं डबी मांगितली आन् वाचली. पाहून बी घेतलं आतमधलं. म्हन्ते, यात तर काही वाईट नाही."

बायजाबाईनं घडी खाली ठेवली. "काय शोधून राहिल्या त्या?"

"शिसं म्हन्ते. पोरीच्या अंगात शिसं हाय. कुठून गेलं ते समजत नाही. हे गावाले चालले आज, पाळण्याचा रंग खरवडून आनाले."

अशा रीतीनं बायजाबाईला ते पाचवं नाव मिळालं. सहा वर्षांपूर्वी ती ज्यासाठी दोनदा इतवारीत गेली होती, ते तिच्या लेकीनं आणून दिलं.

जयवंता कपडे घेऊन गेली. बायजाबाई पेटीसमोर बसली. पेटी उघडली नाही. संध्याकाळी डबा घेऊन दवाखान्यात गेली आणि तशीच परत आली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मला तिचा राग येत होता. आणि माझा त्याहून जास्त येत होता, कारण डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं आणि उत्तर मी दिलं होतं. शिकलेली बाई, माणसाच्या हाडातलं पाहणारी, ती माझ्यावर विश्वासून दुसरीकडे शोधायला गेली. तिकडे गोविंदा नरखेडच्या उन्हात पाळण्याचा रंग खरवडत होता.

भरती केल्यापासून चौथ्या दिवशी सकाळी कुसुमताई दवाखान्यातून घाईनं आली. ती दारातूनच म्हणाली, "बायजाबाई, चाला. पोट्टीले झटके येऊन राहिले."

बायजाबाई उठली. तिनं पेटी उघडली, खाकी कपड्यांखालची डबी काढली, फळीवरून मला उचललं, आणि दोघांना पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. रिक्षात बसल्यावर तिची मूठ माझ्याभोवती होती आणि ती घामानं भिजली होती.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर तिनं गाठ सोडली. डबी ठेवली, शेजारी मला ठेवलं.

"बाई, हा शिक्का खोटं बोलते."

"म्हणजे?"

"यावर चार नावं हायेत. मले वाचता येत नाही, पण पाठ हायेत. या डबीत पाचवं हाय. काळी, चमकती पूड. हे मीच घोटलं."

डॉक्टरीणबाईंनी डबी उघडली, काजळ बोटांत चोळलं, खिडकीशी जाऊन पाहिलं. "सुरम्याचा दगड आहे हा. शिसं आहे यात," त्या म्हणाल्या. "मग मी पाहिली ती डबी?"

"ते चांगल्या काजळाची होती. मीच बदलून देल्ली."

"तुम्हाला कधी कळलं?"

"आली त्याच दिवशी. भरतीच्या आदल्या दिवशी."

डॉक्टरीणबाईंनी डबीचं झाकण लावलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बायजाबाईला बरं वाटलं असतं. त्यांनी सिस्टरला हाक मारली, कुठल्यातरी इंजेक्शनचं नाव सांगितलं, ते आजच्या आज आणायला सांगितलं. मग मला उचलून त्यांनी केसपेपरवर दाबलं. माझ्या अंगात जुनी शाई थोडी होती, जांभळा गोल फिका उमटला. त्याच्या बाहेर, कडेला, त्यांनी पेननं एक शब्द लिहिला. बारा वर्षांत माझ्या चार नावांच्या शेजारी पाचवं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं, आणि तेही गोलाच्या बाहेर.

जयवंता दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बायजाबाई तिच्याकडे वळली आणि म्हणाली, "तुह्यासाठी मी वेगळं घोटलं होतं वं. तुले घरचंच देल्लं होतं."

जयवंताचा आवाज अगदी खाली होता. "बजारात बी कोणाचं लेकरूच असते ना, माय."

त्यापुढं ती आईशी बोलली नाही. वॉर्डात निघून गेली.

प्रेमू जगली. बावीस दिवस सुया टोचून घेऊन जगली. झटके थांबले, ओकणं थांबलं, अंगावर मांस आलं. पण दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी गोविंदाला बाजूला घेऊन सांगितलं, की डोक्यात जे गेलं ते सुयांनी परत निघत नाही. मुलगी वाढेल. बोलेल की नाही, सांगता येत नाही.

बायजाबाईनं पडवीतला दिवा विझवला. परात राखेनं घासून आत ठेवली. पोत्यातल्या शिक्के मारलेल्या रिकाम्या डब्यांची झाकणं तिनं एकेक करून सोलली. मग ती गणपतरावांकडे गेली आणि गावोगाव गेलेल्या डब्या परत बोलवा म्हणाली.

"तुम्ही बंद करा ना," गणपतराव म्हणाले. "आराम करा. पण नाव आता बजाराचं झालं, बायजाबाई. ते तुमच्या एकटीचं नाही राह्यलं."

पोळ्याच्या सुमाराला कुसुमताईनं एक डबी आणून दाखवली. झाकणावर गोल शिक्का होता. मधोमध बायजाबाईचे काजळ, भोवती चार नावं. माझीच अक्षरं, पण कडा कोऱ्या, शाई लाल. माझा भाऊ म्हणायचा. तो कोणी बनवला मला ठाऊक नाही. दादाजी तोवर वारले होते.

दोन वर्षं बायजाबाई इतवारीत जात राहिली. दुकानासमोर उभी राहून लेकुरवाळ्या बायांना सांगायची, हे घेऊ नका, माह्या नावाचं हाय पण घेऊ नका. बाया डबी फिरवून वाचायच्या आणि तिलाच समजवायच्या, "यात तर तूप हाय ना, आजी. कापूर हाय. लिहिलं हाय पाहा." गणपतरावांची माणसं तिला वेडी म्हणून बाजूला करायची. तिनं खूप जणींना सांगितलं. त्यातल्या किती जणींनी डबी खाली ठेवली, ते तिनं घरी येऊन कधी सांगितलं नाही.

आता पंच्याऐंशी साल चालू आहे. प्रेमू आठ वर्षांची आहे. जयवंताला मागून दोन मुलगे झाले, बागेचं काम, घरचं काम, या मुलीकडे सतत एक माणूस लागतं. चार वर्षांपूर्वी बायजाबाईनं तिला मागून घेतलं. मागितलं म्हणजे जावयाजवळ शब्द टाकला. लेकीशी बोलायची तिची हिंमत झाली नाही. जयवंता पोळ्याला आणि दिवाळीला येते, मुलीला न्हाऊ घालते, वेणी घालते, आईला कामापुरतं विचारते, आणि जाते. बायजाबाईच्या हातचं पाणी ती पिते. तेवढंच.

प्रेमू चालते, हसते, भूक लागली की ताट वाजवते. बोलत नाही. तिच्या डोळ्यांत कोणी काजळ घालत नाही.

माझं रबर आता चिरलंय. 'बदाम'मधला द निघून गेलाय. मूठ सैल झालीय. मी प्रेमूचं खेळणं आहे. ती मला फरशीवर दाबते, भिंतीवर दाबते, स्वतःच्या तळहातावर दाबते आणि काय उमटलं ते पाहते. काहीच उमटत नाही. तिला त्याचं वाईट वाटत नाही आणि मला तर फार बरं वाटतं. ज्या मुलीला मी सगळ्यांत मोठं खोटं सांगितलं, तिच्या हातावर तरी आता मी गप्प आहे.

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. कधी मी तुम्हाला जुन्या बाजारात सापडलो, तर मला शाई लावून पाहू नका. आणि तुम्ही स्वतः काही घोटून, भरून लोकांच्या लेकरांसाठी पाठवत असाल, तर आधी डबी भरा आणि मग तिच्यावर नाव लावा. जागा पुरली नाही तर मोठा शिक्का करा.

बायजाबाईला आता दिसत नाही. इतकी वर्षं धुरात बसल्यामुळे असेल, वयामुळेही असेल. रोज दुपारी ती प्रेमूला जवळ बसवते, मला मांडीवर उलटं ठेवते आणि त्या मुलीचं बोट धरून माझ्यावरून फिरवते. मारोतरावनं तिचं फिरवलं होतं तसंच.

"हे एरंडी," ती म्हणते. "हे तूप. हे कापूर. आन् हे बदाम."

मग ती बोट गोलाच्या बाहेर नेते, कडेच्या कोऱ्या लाकडावर ठेवते, आणि तिथं ते बराच वेळ दाबून धरते.

"आन् हे शिसं, बाई. हे मी लिहिलं नाही."

प्रेमू हसते. बायजाबाई तिचं बोट पुन्हा पहिल्या नावावर आणते.